लेथवरचे दोन ठोके

गप्पांत भुताखेताचा विषय निघाला की मी उठून चहा सांगायला जातो. मी टेक्निकलचा शिक्षक. आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल झालंय, घासतंय किंवा आदळतंय... शोधलं की सापडतं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. म्हणूनच इथे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण हा एक आवाज मला अजून सापडलेला नाही. आणि त्यात माझी जी चूक आहे, ती सांगितल्याशिवाय हा अनुभव सांगताच येणार नाही.

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, सरावलीकडच्या बाजूला आमची सरकारी तांत्रिक शाळा. नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या हायस्कूलमधली नववी-दहावीची टेक्निकल विषय घेतलेली मुलं ठरलेल्या दिवशी आमच्या वर्कशॉपला येतात. फिटिंग, सुतारकाम आणि लेथ मशीनची ओळख. मीही याच वर्कशॉपचा विद्यार्थी. तेव्हा आम्हाला सावे मास्तर होते, नरपडचे. त्यांची एक पद्धत होती. कुठे काही चुकतंय असं दिसलं की हातातला पाना लेथच्या बेडवर, म्हणजे मशीनच्या आडव्या लोखंडी बैठकीवर, दोनदा ठोकायचे – ठण्ण, ठण्ण. ते ऐकलं की सगळ्यांनी, जिथे असतील तिथे, मशीनवरचे हात उचलून खांद्याएवढे वर धरायचे. का, ते मागून विचारायचं.

मास्तर निवृत्त झाले, वारले. पुढे मी शिक्षक म्हणून इथे आलो तेव्हा ती पद्धत मी चालू ठेवली नाही. मला ती जुनाट वाटायची. मी शिट्टी आणली. मुलांना ठोक्यांबद्दल कधी काही बोललोही नाही.

२०१६ सालची गोष्ट. खंडेनवमीला आम्ही दरवर्षी मशीनं पुसून, तेल देऊन त्यांची पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूचा हार, भाताच्या लोंब्या. लेथचा चक, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा पकडून फिरणारा गोल भाग, गुळगुळीत असतो. त्यावर हार टिकत नव्हता, सारखा घसरत होता. म्हणून मी चक आवळायची चावी चकच्या पलीकडच्या बाजूला खोचली आणि तिच्या आडव्या दांड्याला हार अडकवला. छान दिसला.

वर्कशॉपमधलं पहिलं शिक्षण हेच असतं की चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. मशीन फिरलं की ती गोळीसारखी सुटते. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहितो. आणि त्या दिवशी मीच ती ठेवली... पूजेसाठी.

दसऱ्यानंतर वर्कशॉप उघडलं, त्या दिवशी गंजाडहून मनीषाचे वडील आले. मनीषा नववीत, वर्गात हात सर्वांत सफाईने चालणारी मुलगी. वडील, देवराम, चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायचे.

"सर, हिचा विषय बदलून द्या," ते दारातच म्हणाले. "पाड्यात लोक बोलतात. मशीनमधे पोरीचा हात गेला, केस गेला, तर मंग कोन बघनार?"

"बाबा, मी केस बांधते ना!" मनीषा म्हणाली. "टोपीपन घालते."

"तू गप. सरांशी बोलतोय."

मी त्यांना म्हटलं, "देवरामभाऊ, आधी तिचं काम बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

मला घाई झाली होती, हे कबूल करतो. हा माणूस उठून जाईल आणि एवढी चांगली मुलगी जाईल, याची घाई. मी लेथवरच्या हाराचा दोरा तोडला, पुढची फुलं झटकली. मागे चार-दोन झेंडू अडकलेले राहिले. त्यांच्याकडे मी पाहिलंच नाही. देवराम लेथच्या पलीकडे, मुलीच्या समोर उभे राहिले. तिचा चेहरा दिसावा म्हणून मीच त्यांना तिथे उभं केलं होतं.

मनीषाने टोपी घातली आणि चकला हात घातला. चालू करण्याआधी चक हाताने फिरवून बघायचा, हे मीच शिकवलेलं. मी म्हटलं, "मी बघितलंय. कर चालू."

मी मेन स्विचपाशी गेलो आणि तो वर केला. तिचा हात मशीनच्या बटणाकडे गेला... आणि थांबला. मग दोन्ही हात उचलून तिने खांद्याएवढे वर धरले. तशीच उभी राहिली.

"काय गं? कर ना."

ती हलली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "पूजा झाली गं, आता चावणार नाही!" सगळा वर्ग हसला. देवरामही कसनुसं हसले. "बघा सर, घाबरली. मी तेच सांगत होतो."

मला राग आला. "मनीषा, बाबांसमोर हे काय चालवलंयस?"

"सर, तुम्हीच थांबवलं ना?"

"मी? कधी?"

"आत्ता ठोकलं ना तुम्ही. इथं." तिने मान वाकवून लेथच्या बेडकडे दाखवलं. हात अजून वरच होते. "दोनदा."

माझ्या हातात पाना नव्हता. मी मशीनपासून लांब, स्विचपाशी होतो. आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मेन स्विच पाडून मी लेथपाशी गेलो. तिने दाखवलेल्या जागी वाकलो, तेव्हा चकच्या मागे झेंडू दिसले. ते बाजूला केले तर चावी. घट्ट खोचलेली, दांडा देवरामच्या बाजूला.

ती हातात घेऊन मी उभा राहिलो. खरं सांगतो, एक विचार आलाच की ही खिशात टाकावी. कोणी पाहिलं नव्हतं. पण मग मनीषा 'घाबरली' ठरली असती आणि बापाबरोबर घरी गेली असती. सांगितलं तरी ती जाणारच होती बहुतेक. पण निदान भित्री ठरून नाही.

मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं. चावी मी ठेवली, ती बघत होती तर मीच तिला बघू दिलं नाही, मशीन चालू झालं असतं तर ही चावी कुठेही उडाली असती, आणि समोर देवरामभाऊ उभे होते.

वर्गात कोणी हसलं नाही. देवरामनी चावी मागून घेतली. तळहातावर धरून तिचं वजन पाहिलं.

"ही लागली असती म्हंजे?"

"डोळा गेला असता. किंवा... जास्तच."

ते मुलीकडे वळले. "तुला ठावं होतं चावी हाय ते?"

"नाय बाबा. ठोकलं, तर हात आपोआप वर गेले."

"मीपन ऐकलं," देवराम म्हणाले. "रुळावर हातोडा मारल्यासारकं. मला वाटलं तुमच्यात तशी रीत हाय."

होती, असं मी म्हणालो. मग सावे मास्तरांचं सगळं सांगितलं. ते आता नाहीत, हेही सांगितलं. विषय बदलायच्या अर्जासाठी मी कागद काढून ठेवला होता, तो देवरामपुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. चावी माझ्या हातात ठेवली.

"ऱ्हाऊ दे तिला हितं," ते म्हणाले. "पन सर, राग नका मानू. तुमच्या भरवशावर नाय सोडत. त्या ठोकनाऱ्याच्या भरवशावर सोडतो."

मी तो कागद परत कपाटात ठेवला.

मी शोधलं. सुतारकामाचे सर त्या दिवशी रजेवर होते, तो विभाग बंद. बाकीची मशीनं थंड. बेडखालचे बोल्ट तपासले, सगळे घट्ट. लेथच्या आसपास पाना नव्हता, सगळे बोर्डावर आपापल्या जागी. वर्गातल्या इतर मुलांना एकेक करून विचारलं – कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. ऐकलं फक्त चावीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांनी.

नंतर नरपडला मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, काकूंना, सांगितलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "घरीपण तेच रे त्यांचं. मी जास्त बोलायला लागले की ताटावर चमचा ठोकायचे. मी बरी गप्प बसेन!" आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

शिट्टी मी कपाटात टाकली. आता मीही पाना ठोकतो. मुलं हात वर करतात, वैतागतात, मागून माझी नक्कल करतात. खंडेनवमीला हार मशीनशेजारच्या खिळ्यावर घालतो, चक उघडा ठेवतो.

मनीषा दहावी झाली, आता आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथकामाचाच, ट्रेड करते. पूजेला मात्र आठवणीने येते. गेल्या खेपेला तिने बेडवर, आवाज आला होता त्या जागी, एक झेंडू ठेवला आणि मला विचारलं, "सर, तुम्हाला तेव्हा खरंच नव्हतं ऐकू आलं?"

नव्हतं. तो आवाज ओळखणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. शाळेत असताना तो ऐकून कितीदा हात वर केले असतील! ठोकलं कोणी, हे मला आजही माहीत नाही, आणि कदाचित कधीच कळणार नाही. ते चालेल एक वेळ. पण मास्तरांनी मलाच का वगळलं, हे कोणाला विचारू?

मशीन चालू करण्याआधी मी अजूनही क्षणभर थांबतो. कान देतो. मग चक हाताने फिरवून बघतो.