मनोहरकाकांचं ग्लायडर आणि काकूंचा शब्द

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं लिहून सुरुवात करणार होतो. पण खरं सांगू? अजूनही नाही. उभी हयात कोराडीला वीज केंद्रात गेली माझी. नाइट शिफ्टला कोळशाच्या बंकरवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणून बोंबलत आलेल्या लोकांना मीच परत पाठवलंय. अरे, तिथं राख इतकी उडते की पांढरी साडी अर्ध्या तासात काळी होईल! तर असा मी. आणि तरीही हे लिहून राहिलो, कारण घरी सांगून झालं, मित्रांना सांगून झालं, सगळे "हो का" म्हणून चहा पितात.

नागपूरपासून भंडारा रोडनं मौद्याच्या अलीकडे आमच्या ग्लायडिंग क्लबची धावपट्टी होती. क्लबचं नाव सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ. ती केबलनं ग्लायडर ओढते, ते पतंगासारखं वर चढतं, वर गेलं की केबल सोडायची. मग घारी जिथं गोल गोल फिरताना दिसतात तिथं जायचं. तिथली गरम हवा आपल्यालाही वर नेते. आमच्याकडच्या मे महिन्याला सगळे शिव्या देतात, पण आम्ही त्याची वाट पाहायचो.

मनोहरकाका या क्लबचे सर्वांत जुने मेंबर. सदरमध्ये त्यांचं चष्म्याचं दुकान. आणि शुगरनं नेमके त्यांचेच डोळे बिघडले, मेडिकलमध्ये फेल झाले, फ्लाइंग बंद. चष्मेवाल्याचेच डोळे गेले, यावर क्लबात इतकी थट्टा व्हायची… सर्वांत जास्त ते स्वतः हसायचे. आम्ही म्हणायचो, काका, मागच्या सीटवर बसा, आम्ही नेतो. तर म्हणायचे, "नवरदेवानं वरातीत मागं मागं चालायचं का बे?" नाही बसले कधी.

पण रविवार चुकवला नाही. काकांनी पंख धरायचं काम घेतलं. ग्लायडरला पोटाखाली एकच चाक असतं, त्यामुळे उभं असताना एक पंख जमिनीवर टेकलेला असतो. पायलटची तयारी झाली की त्यानं अंगठा दाखवायचा, मग पंख धरणारा माणूस टोक उचलून दोन्ही पंख सरळ करतो आणि ग्लायडरबरोबर थोडं धावतो. विंच जवळजवळ किलोमीटरभर लांब. तिथून माणूस नीट दिसत नाही, पण पंख दिसतो. पंख सरळ झाला म्हणजे — तयार आहे, ओढा. बस, एवढाच अर्थ. काकांनी आम्हा सगळ्यांचे पंख उचलले.

मग क्लबच म्हातारा झाला. नवीन कोणी येईना. ग्लायडर लाकडाचं, वर कापड. त्याचं सर्टिफिकेट संपलं ते संपलंच. काका मात्र रविवारी जाऊन ते पुसून यायचे. घरी आले की सुमनकाकू विचारणार, "झाली का सवतीची आंघोळ?" काकू जन्मात कधी मैदानावर आल्या नव्हत्या. रविवार खाल्ला म्हणून त्या ग्लायडरवर त्यांचा भारी राग.

या जानेवारीत काका दुकानातच गेले. हार्ट.

दहाव्याला आम्ही रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर, पण एकही शिवेना. ऊन चढत गेलं. रीतीप्रमाणे एकेकानं हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला मी पुण्याला नेतो, काळजी करू नका." कावळा होता त्या फांदीवरून आणखी वरच्या फांदीवर गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "पुणं नाही आवडलं त्याईले." त्याही वेळी लोक हसले. गुरुजी घाईत होते, म्हणाले दर्भाचा कावळा करून शिववून टाकू. तेवढ्यात काकू उठल्या.

"थांबा जरा महाराज." मग पिंडाकडे पाहून म्हणाल्या, "अहो, तुमचं ते विमान आमी उडवतो. एकडाव तरी उडवतो. माझा शब्द आहे. या आता, लोकं उपाशी आहेत."

कावळा उतरला. सरळ.

मी मनात म्हटलं, भूक लागली असेल त्याला. आजही तेच म्हणतो. पण काकूंनी घाटावरच माझा दंड धरला. "सतीश, मी शब्द देल्ला. क्लबाचा तूच उरला न? आता तू पाहा गा."

पाहिलं हो. मनापासून पाहिलं. तपासणीसाठी एका जाणकाराला आणलं. त्यानं पंखावर टिचक्या मारल्या, आत टॉर्च घालून पाहिलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की आतल्या जोडांचा डिंक सुटलाय, हवेत पंख तुटेल. दुरुस्ती? म्हणाला, दुरुस्त करण्याजोगं लाकूडच उरलं नाही. काकूंना म्हटलं, दुसऱ्या गावी क्लब आहे, त्यांच्या ग्लायडरमध्ये काकांचा फोटो घेऊन एक चक्कर मारतो. काकू म्हणाल्या, "दुसऱ्याचं काहून? मी त्याईचंच म्हटलं होतं." आमची विंच गंजून जाम झालेली, ती तर आधीच भंगारात गेली होती. आणि मग जमीनमालकानं पट्टी परत घेतली. तिथं घरांच्या प्लॉटचा लेआउट पडणार होता. मार्चमध्ये रोडसाठी चुन्याच्या रेघा मारल्या, एप्रिलमध्ये मधोमध नाली खोदली. म्हणजे ट्रॅक्टरला बांधून फूटभर तरी उचलता येईल, असा जो एक वेडा विचार माझ्या डोक्यात होता, तोही गेला.

दर वेळी काकूंना जाऊन सांगायचं आणि दर वेळी त्यांनी म्हणायचं, "बरं. मंग आता काय करून राहिला?" मला त्यांच्या घराची बेल वाजवायची भीती वाटायला लागली होती.

शेवटी ग्लायडर ठेवायलाच जागा उरली नाही. हायवेवरच्या एका ढाब्यानं मागितलं. गच्चीवर शो म्हणून लावायला, फॅमिली सेक्शनच्या वर! मला रडावं की हसावं कळेना. पण नाहीतर जेसीबीखाली गेलं असतं. मी हो म्हटलं.

काकूंना सांगितलं. तर म्हणाल्या, "मले घेऊन चाल. मी पाहिलंच नाही न ते कधी."

मेचा पहिला आठवडा, भर दुपार. वारा नाही, बाभळीचं पान हलत नव्हतं. कपडे वाळत घातले असते तर तेही हलले नसते. आम्ही तिघं — मी, काकू आणि रहीमभाई, आमचे जुने विंच-ड्रायव्हर, पंख कसे सोडवायचे ते त्यांना माहीत म्हणून बोलावलेले. शिवाय ढाब्याचे टेम्पोवाले. ग्लायडर उघड्यावर उभं होतं, डावा पंख जमिनीवर, त्याच्या टोकावर ट्रकचा जुना टायर ठेवलेला, वाऱ्यानं उलटू नये म्हणून. कॉकपिट रिकामं. मी स्वतः पाहिलं होतं, आत सरड्याशिवाय काही नव्हतं.

काकू जवळ गेल्या. ग्लायडरच्या नाकावरून हात फिरवला. "एवढंसंच आहे वं माय," म्हणाल्या. "मले वाटे लय मोठं असन." आणि रडायला लागल्या. "माफ करा म्हणते तुमाले. नाही जमलं." नवऱ्याला म्हणत होत्या.

तेव्हा टायर घसरला. आधी आवाज आला, मग मी वळून पाहिलं. डावा पंख वर येत होता. झटक्यानं नाही… कोणी सवयीच्या माणसानं उचलावा तसा. कमरेपर्यंत आला, सरळ झाला आणि थांबला. दोन्ही पंख सपाट. टोकाशी कोणी नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, "अरे, ये कैसे हुआ?"

आणि रहीमभाई चालायला लागले. भरभर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे. मी हाक मारली, "रहीमभाई, किधर?" नालीपर्यंत जाऊन ते थांबले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाले, "पंख उठा ना… तो मैं विंच पे जा रहा था."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गा? तो पंख वर काहून झाला?"

खोटं बोलायचं सुचायला हवं होतं मला. नाही सुचलं. "काकू, पंख सरळ झाला म्हणजे पायलट तयार आहे. ओढा, असा इशारा असतो तो."

"मंग ओढा न!" काकू ओरडल्या. "उभे काय राहिले? ते बसून आहेत न आत! ओढा न गा!"

कशानं ओढू? विंच नाही, केबल नाही, समोर नाली. रहीमभाई खाली मान घालून उभे. काकू एकदा माझा शर्ट ओढत होत्या, एकदा त्यांचा. इतकं असहाय मला काका गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

पंख तसाच होता. किती वेळ ते मला विचारू नका. शेवटी टेम्पोवाले म्हणाले, साहेब, पंख खाली असल्याशिवाय बोल्ट निघणार नाहीत. कोणीतरी तो खाली आणायला हवा होता. मी गेलो. टोकावर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. रिकामं ग्लायडर बोटानं कलतं, हे मला माहीत आहे. ते कललं नाही. मी अंगाचा भार टाकला. पंखात जोर होता, पलीकडून कोणी धरून असावं तसा. मी हळू म्हटलं, "काका, सोडा. नाही जमत." मग तो जोर गेला, आणि पंख माझ्या हातांसकट खाली आला.

परतताना गाडीत काकू एवढंच म्हणाल्या, "मी खोटी पडली."

ज्यांना विचारलं त्यांनी कारणं दिली. म्हणे, उन्हानं लाकूड तापून बॅलन्स बदलला असेल. म्हणे, वावटळ असेल. टायर कसा घसरला? म्हणे, आधीच तिरपा असेल. असेल बुवा. पण त्या जोराचं काय, जो माझ्या तळहातांना लागला? त्याचं उत्तर ना त्यांच्याकडे आहे, ना माझ्याकडे. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर लिहा, पण फार आशा ठेवून मी हे लिहीत नाही.

ग्लायडर आता ढाब्याच्या गच्चीवर आहे. काकू पुण्याला जायला तयार नाहीत. फोन करून म्हणतात, "एकडाव तिथं जेवायले ने न मले, पाहू तरी दे." मी सांगतो, गाडी बिघडली, ऊन फार आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. कारण मी जाऊन पाहून आलोय. शोभा दिसावी म्हणून त्यांनी दोन्ही पंख लोखंडी अँगलवर एकदम सरळ बसवलेत, वेल्डिंग करून. आणि सरळ पंखाचा अर्थ काकूंना आता माहीत आहे.