मागच्या दाराचं कुलूप

शिवणकारखान्याचा पहारेकरी अकरा वर्षं इमानेइतबारे मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावत होता. कापड चोरीला जाऊ नये, एवढंच त्याला ठाऊक.

कामगार बायकांनी वस्तीसाठी आगीवर नाटक बसवलं, तेव्हा तोही हौसेनं सामील झाला. बसवणाऱ्या बाईंनी भूमिका उलट्या दिल्या. काजं करणाऱ्या मावशी पहारेकरी झाल्या आणि तो कामगार. तालमीत मावशींनी खोलीला खरंच कुलूप घातलं. आग लागल्याची हाक आली, बायका धावल्या आणि तो दाराशी चेंगरला. दार हलेना. नाटक आहे हे माहीत असूनही तो दारावर मुठी आपटत राहिला.

दार उघडताच त्यानं बायकांना विचारलं, "एवढा हुबेहूब अभिनय कुठं शिकलात?"

"अभिनय कसला, दादा," मावशी म्हणाल्या. "मागचं दार बंदच असतं. खरी आग लागली तर खिडकीतून कुणी कुणाला ढकलायचं, हे आमचं केव्हाच ठरलंय. आधी ती गरोदर पोर."

त्या पोरीला तो रोज हसून आत सोडायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप लावलं नाही. मालकानं त्याला काढलं. पण त्याच आठवड्यात नाटक अख्ख्या वस्तीनं पाहिलं. त्याच्या जागी कुलूप लावायला कुणीच तयार होईना. पंधरा दिवसांनी मालकानं कुलपाचा हट्ट सोडून त्यालाच परत बोलावलं.