गुणाजी ओळंब्यात नाही

गुणाजी घाडीला हात जोडून सांगा, पाय धरून सांगा, "काका, तुम्ही डावीकडे कलताय," की संपलंच. तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार!

दोन महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली नि त्याची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दुसरं काही ऐकूच यायचं नाही. पलंगाच्या कडेला बसवला की गडी डावीकडे झुकायचा, वर धडधाकट उजव्या हाताने गादीला रेटा देऊन स्वतःलाच आणखी ढकलायचा. कुणी सरळ करायला गेलं की बोंब. "मेल्यानू, पाडतास माका! मी सरळच असंय!"

व्यायाम शिकवायला येणारी निधी समजावून थकली. "काका, मेंदूचा अंदाज बिघडलाय. तुम्हाला कललेलंच सरळ वाटतंय."

"चेडवा, चाळीस वर्सा गवंडीकाम केलंय. सरळ म्हणजे काय, ता तू माका शिकवतंस?"

खरं दुखणं वेगळंच होतं. शौचाला बसवलं की सून सुलक्षणा त्याचे खांदे धरून उभी राहायची. सोडला की हा आडवा. सासऱ्याने सुनेसमोर तसं बसायचं! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्याला, आणि ती लाज तो दिवसभर राग करून घरावर ओतायचा. पण व्यायाम? छे! सरळ माणसाने कसला व्यायाम करायचा?

शेवटी निधीने सांगून टाकलं, "काका मानतच नाहीत. असंच चाललं तर धरल्याशिवाय बसणं यांना जमायचं नाही."

ते ऐकून मुलाचं, सुशांतचं, टाळकं सरकलं. त्याने माळ्यावरची बापाची थैली ओढली, भिंत सरळ आहे का ते बघायचा, दोरीला वजन बांधलेला ओळंबा काढला आणि कपाटाच्या माथ्यावरून आरशावर सोडला. बापाला धरून समोर बसवलं. "आता बघा! दोरी कुठे नि तुमचं नाक कुठे?"

"दोरी वाकडी बांधलंस!" गुणाजी ओरडला.

ओरडला खरा, पण नजर दोरीवरच राहिली. ओळंब्याची दोरी वाकडी कोण बांधणार? कशीही बांधा, ती सरळच लोंबते. ह्याच माणसाने एकदा भर साइटवर बिल्डरला सुनावलं होतं, "ओळंबो खोटा बोलणा नाय, तुमी बोलतास!" आणि तयार भिंत पाडायला लावली होती.

दोरी हलायची थांबली. नाक तिच्या डावीकडे, चांगलं वीतभर. गुणाजीने शिवी द्यायला तोंड उघडलं, पण द्यायची कुणाला?

"आयचो घो," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "मीच वाकडो!"

मग सकाळ-संध्याकाळ ओळंब्यासमोर बैठक सुरू झाली. रेटणारा उजवा हात मांडीवर ठेवायचा, नाक दोरीवर आणायचं. सरळ झाला की आपण पडतोय असंच वाटायचं त्याला. घामाघूम व्हायचा, दोरीला शिव्या घालायचा. नजर हटली की परत कलायचा, परत सरळ व्हायचा. निधीलाही आता तो रोज उशिरा आल्याबद्दल झापायला लागला.

पाचव्या आठवड्यात सुलक्षणाने शौचाला बसवलं आणि भीत भीत खांद्यांवरचे हात काढले. गुणाजी डुलला, सावरला आणि बसून राहिला. तिला रडूच फुटलं. "बाबा, जमलं हो!"

"जमला ना? मग हंय उबी रवान काय बघतंस?" तो खेकसला. "भायर जा नि दार लाव गो!"