सैल बांधलेला रुमाल

आमचे सर वर्गात गेले की आधी काल आपण काय चुकलो ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, मग शिकवायला लागायचे. बाकीचे मास्तर पोरांच्या चुका काढायचे, ह्या माणसाला स्वतःच्याच पुरत होत्या. अन् हे वर्गापुरतंच नाय. एकदा औरंगपुऱ्यात मला रिक्षा थांबवायला लावून भाजीवालीला म्हणले, "मावशी, परवा तुमच्या मेथीला कडू म्हणालो. मेथी चांगली होती, मला ताप होता." ती माझ्याकडं बघून म्हणली, "घरी ने रं बाबा ह्यांना. अजून उतरला नाय वाटतं."

मी त्यांचा रिक्षावाला. शहागंजातल्या घरून विद्यापीठात न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. घरी जमीन होती, पण ढेकळात माझं मन लागंना, अन् शाळेत तर शाळेचंच मन माझ्यात लागंना. चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरांनीच आमच्या बापाला हात जोडले, म्हणले, ह्याला बैलं राखू द्या. बैलांनीबी मला लई दिवस ठेवलं नाय.

"सर, तुमी शिकवता तरी काय?" मी एकदा विचारलं.

"विज्ञान खरं ठरतं ते कसं. आणि ते ठरवणारी माणसं कशी असतात."

"अन् ह्याचा पगार देतात?"

"देते हैं, पाटील. का देतात ते मलाही कळलेलं नाही."

त्यांचे अब्बा निजामाच्या काळात शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवायचे. पोलीस ॲक्शन झाली अन् शाळेची भाषा बदलली. अब्बांना सगळं येत होतं, पण नव्या भाषेत नाय, म्हणून त्यांना खालच्या वर्गाला चित्रकला दिली. सर म्हणायचे, "पेरू उर्दूतही खालीच पडायचा आणि मराठीतही खालीच पडतो. पण पेरू का पडतो हे सांगायचा हक्क अब्बांचा गेला. मी त्या हक्काचाच अभ्यास करतो." मला तेवढं डोकं नाय. मी म्हणलं, "सर, शहागंजात पेरू आलेत, घ्यायचे का?" तर घेतले बिचाऱ्यांनी.

आता नारळाचं सांगतो. रिक्षा सोडून माझा एक जोडधंदा होता, पाणाड्याचा. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचं. जिथं नारळ उभा राहील तिथं खाली पाणी, तिथं बोअर घ्यायचं. नारळ आपोआप उठतो का मी उठवतो, आईशप्पथ, मलाच ठाव नव्हतं. लोकं मात्र मला खुर्ची द्यायचे. शेजारच्या गावात माझ्यासारख्याला खुर्ची मिळते म्हणल्यावर जास्ती चौकशी कोण करतंय?

सरांना हे कळलं अन् ते मला थेट वर्गावर घेऊन गेले. पोरं-पोरी फिदीफिदी हसाया लागली. सर म्हणले, "हसा की. पण आधी सांगा, कशाला हसलात? तपासून हसलात का माणूस बघून हसलात?" मग आम्ही इमारतीमागं मैदानात गेलो. आधी उघड्या डोळ्यांनी फिरलो, नारळ एका जागी उभा राहिला. सर म्हणले, आता डोळे बांधून तीच जागा सापडते का बघू.

रुमाल त्यांनी स्वतः बांधला. हळूच कानात विचारलं, "दुखतं का रे?" मी म्हणलं, "लई." त्यांनी सैल केला.

झालं. नाकाच्या बाजूनं खालचं सगळं दिसाया लागलं. पहिल्या खेपेला त्या जागेवर मी सवयीनं तंबाखूची पिंक टाकलेली होती. चालत चालत पिंकेपाशी गेलो अन् नारळ उभा केला. टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा पास झालो, तेबी विद्यापीठात.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोपऱ्यात लिहिलं, "हे थोतांड आहे असं मी न तपासता घरी म्हणालो होतो. चुकलो." अन् दर वर्षी नव्या पोरांना ते हाच किस्सा सांगाया लागले. शेजारच्या विभागातले त्यांना 'नारळवाले प्रोफेसर' म्हणायचे. एक जण तर माझ्याच रिक्षात बसून म्हणला, "काय पाटील, कुठं आहेत तुमचे नारळवाले?" मी म्हणलं, "फोडायला गेलेत." तो हसला, मीबी हसलो. त्या ईदला सरांच्या घरून माझ्या लेकरांसाठी डबा भरून शीरखुर्मा आला होता.

मी एकदा म्हणलं, "सर, सोडा ना तो किस्सा. लोकं हसतात."

"डोळ्यांनी पाहिलंय, पाटील. लाज वाटते म्हणून कसा सोडू?"

तवा बोलायला पायजे होतं. मी हॉर्न वाजवला, पुढं म्हैस पण नव्हती.

सर रिटायर झाले, आजारी पडले, पलंगावरून उठंनात, तवा जाऊन रुमालाचं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पूरा दिखता था?"

"नाय सर. फकस्त माझे पाय अन् पिंक."

इतके हसले की त्यांच्या बेगम, आमच्या चाची, पाणी घेऊन धावत आल्या. मग पाणी पिऊन म्हणले, "पाटील, ती पोरं. आता मास्तर झाली असतील. माझा किस्सा सांगत असतील. मी आता कुठं कुठं जाऊ? तू जा. सांग त्यांना."

"व्हय सर."

सरांना माती देऊन आलो त्यानंतर शोधाया निघालो. पहिली सापडली सुनीता, बजाजनगरात ऱ्हाते, कॉलेजात शिकवते. "अगंबाई, पाटीलकाका!" म्हणून नवऱ्याला हाक मारली, चहा टाकला. मी सगळं सांगितलं. रुमाल, दुखतंय म्हणलेलं, पिंक. दोघं पोट धरून हसले.

"काका, तुम्ही नाय सुधारणार!"

मी हात जोडून परत सांगितलं, ही गंमत नाय. ती डोळे पुसत म्हणली, "सर असते तर किती हसले असते. परवाच वर्गात सांगितला तुमचा नारळ. पुढच्या वर्षीबी सांगणार. हे पिंकेचं नाय हं सांगत, पोरांसमोर बरं नाय वाटत."

खाली येऊन रिक्षात बसलो. किक मारली, सुरू झाली, बंद केली. उतरून परत जिना चढलो, बेल वाजवली. दार उघडलं तरी ती हसतच होती.