पावलाच्या मापाची सुई

आमच्या वहिनीला सगळी गल्ली 'सुईवाली' म्हणते. एकदा एक आजोबा बाही वर सारून दुकानात येऊन बसले, इंजेक्शन घ्यायला! वहिनीने त्यांना नाही म्हणण्याऐवजी एक रेकॉर्ड लावून दिली. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि उठताना म्हणाले, आता बरंच बरं वाटतंय.

तर ही सुई टर्नटेबलची. रेकॉर्डवर टेकते ती सुई, ती ज्या इवल्याशा डबीत बसवलेली असते ते कार्ट्रिज, आणि कार्ट्रिज ज्याच्या टोकाला असतं तो टोनआर्म. घरात आम्ही त्याला नुसती दांडी म्हणतो. कुठल्या दांडीला कुठलं कार्ट्रिज मानवेल ते बघून बसवून द्यायचं, हा वहिनीचा धंदा. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला वाटायचं, यात बघायचंय काय? सगळ्यात महागडी दांडी आणावी, सगळ्यात महागडं कार्ट्रिज आणावं, मोकळं व्हावं. तसं नसतं म्हणे.

"वन्सं, रबराला पिशवी टांगून बघा," तिने मला एकदा समजावलं. वन्सं म्हणजे मी, तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिले. "पिशवी जड आणि रबर मऊ असलं की सावकाश हेलकावते. पिशवी हलकी आणि रबर ताठ असलं की भराभर थरथरते. दांडी म्हणजे पिशवी, सुईचं लवचीक टेकण म्हणजे रबर. फार सावकाश हेलकावणारी जोडी माणसाच्या चालण्यानेच डगमगते आणि सुई उडते. फार भराभर थरथरणारी गाण्याच्या खर्जात लुडबुड करते. दोन्हींच्या मधे एक जागा असते. कानाला ऐकू येत नाही, पायाला लागत नाही. दांडी तिथे आपल्याशीच डुलत असते." हे सांगताना ती स्वतःच डुलायला लागली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. गॅस मी पुसला, हे वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकाच्या घरी गेली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडे जड पावलाचं कोण?" मग घरातल्या झाडून सगळ्यांना ती टेबलासमोरून चालायला लावायची आणि स्वतः सुईकडे बघत खाली वाकून बसायची. एका घरी सासूबाई तत्परतेने म्हणाल्या, आमच्या सूनबाई, दुसरं कोण! सूनबाई मांजरीसारखी चालून गेली, सुई जागची हलली नाही. सासूबाई नुसत्या पदर सावरत उठल्या तर दांडी टुणकन उडाली. वहिनीने बॅगेतून ताठ टेकणाचं, कडक कार्ट्रिज काढलं आणि बसवलं. त्या घरून पुढची कितीतरी वर्षं सूनबाईचे नमस्कार यायचे.

आमचं घर दुकानाच्या वर, जमीन लाकडी. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे. घरच्या टर्नटेबलवर वहिनीने मुद्दाम चुकीची जोडी लावली होती. दांडी जुनी, लांब, चांगली वजनदार, आणि कार्ट्रिज लोण्यासारखं मऊ. "चुकीची आहे हो, पण गाते किती गोड," म्हणायची. तिच्या या गोडव्यासाठी घरात एक कायदा होता. रेकॉर्ड लागली की जागचं हलायचं नाही. मला लहानपणापासून बारकी म्हणतात, पण आता ते नावापुरतंच उरलंय. मी पलंगावरून पाय खाली टेकवला की सुई उडालीच. दादाला मात्र मुभा होती. माझा दादा विजेचे मीटर वाचायचा, जन्मभर घरोघर फिरलेला माणूस. त्याचं पाऊल असं अलगद की तो खोलीतून गेला हे त्याच्या पाठोपाठ पडदा हलला तरच कळायचं. संध्याकाळी उन्हाची पट्टी जमिनीवर पसरलेली, रेकॉर्ड फिरतेय, वहिनी दांडीवर वाकलेली, मी पलंगावर कैदेत, आणि दादा स्वप्नात चालावं तसा तिच्या मागून खिडकीशी जातोय, परत येतोय. ती वळून बघायचीसुद्धा नाही. मला त्या संध्याकाळी आठवल्या की अजून झोपाळू सुख होतं.

मग दादाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

जीव वाचला. हात बराचसा परत आला. पायाचं मात्र व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. आत्ता चालले तर चालतील. आत्ता बसले तर मग पाय ऐकणार नाही, जन्मभर खुर्चीच. दादाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन खरंच सुरुवात केली. मला वाटलं, झालं, निम्मी लढाई जिंकली.

एका दुपारी रेकॉर्ड लागलेली होती. दादा आपला आपण खुर्चीतून उठला. कुणाला हाक नाही, काही नाही. खिडकीकडे निघाला. उजवं पाऊल नेहमीसारखं अलगद पडलं. डावं पडलं ते धप्प! सुई उडाली आणि रेकॉर्डवरून करकरत पार टोकाला गेली. दचकून दादाचा तोल गेला. आणि वहिनी "अगं बाई!" म्हणून धावली ती दांडी उचलायला.

दादाला मी धरलं. वहिनी लगेच वळली, "लागलं का हो?" म्हणत आली, त्याला बसवलं, पाणी दिलं. पण त्याने काय बघायचं ते बघितलं होतं. आणि मीही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, पाय दुखतोय. मग म्हणाला, उद्या बघू. मग उद्या म्हणणंही बंद झालं. व्यायामाच्या बाई यायच्या, हात वर खाली करून घ्यायच्या, चालायची वेळ आली की साहेब भिंतीकडे बघत बसायचे. वहिनी समजावून थकली. तिला वाटे, पडायची भीती बसली असेल. मला सगळं ठाऊक होतं आणि माझं पित्त खवळलेलं होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती आपल्याच तंद्रीत असते, त्यामुळे मी बोलत नाहीये हे तिच्या लक्षातच आलं नाही, हा आणखी वेगळा मनस्ताप.

शेवटी दादालाच धरलं. "तिच्यावर रुसलायस ना? सांग की तोंडाने!"

"रुसायला मी काय लहान आहे?" तो म्हणाला. "बारके, दिवसभर लोकांच्या घरी वाकून वाकून येते ती. संध्याकाळचं तेवढं एक सुख आहे तिला. मी उठलो की ते संपलं."

"मग रेकॉर्ड नसताना चाल!"

"रेकॉर्ड नसते तेव्हा ती घरात नसते. तू शाळेत. मला धरणार कोण, खुर्ची?" मग म्हणाला, "आणि खरं सांगू? बसलं की बरं वाटतं गं. कुणाची अडचण होत नाही."

हे ऐकून मला रडूच आलं. मी रडले की भांडते. तशीच जिना उतरून दुकानात गेले. वहिनी ब्रशने एक सुई साफ करत होती. "तुझी ती सुई घाल चुलीत!" म्हणाले, आणि मग होतं नव्हतं ते सगळं बोलून टाकलं. कुणाकडे धावलीस, त्याने काय बघितलं, तो का उठत नाही, सगळं.

तिने ब्रश खाली ठेवला. "मी दांडीकडे धावले?" तिला आठवतही नव्हतं. आपल्या हातांकडे बघत राहिली. "हात जातो हो, वन्सं. माझ्या आधी हात जातो." आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. लग्न होऊन आल्यापासून तिला मी रडताना बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. काय करावं ते कळेना म्हणून मी तिची सुई साफ करायला घेतली आणि तीही धड जमली नाही.

संध्याकाळी ती एक मोठं खोकं घेऊन वर आली. त्यात दांड्या, कार्ट्रिजं, वजनं, काय काय. खोकं टेबलावर ठेवलं आणि दादासमोर उभी राहिली. "अहो, उठा. मला तुमचं पाऊल हवंय."

"आता कशाला?"

"घरातलं पाऊल बघितल्याशिवाय मी कुणाकडे सुई बसवली नाही. माझ्याच घरातलं पाऊल बदललंय आणि मी जुनंच लावून बसलेय. गिऱ्हाईक असतं तर चार शब्द सुनावून गेलं असतं."

"अगं मी बसतो की. तू तुझी गोड जोडी बदलू नकोस."

"मी विचारत नाहीये, सांगतेय."

दादा उठला. वहिनीपुढे बिशाद काय त्याची! मी त्याच्या बाजूने हात धरून. कपाटापासून खिडकीपर्यंत, धप्प, अलगद, धप्प, अलगद. सुई उडाली. वहिनीने शांतपणे दांडी उचलली, मऊ कार्ट्रिज काढलं, एक कडक बसवलं, काटा लावून सुईचा भार मोजला, रेकॉर्ड पुन्हा लावली. दादा पुन्हा चालला. या वेळी त्याचा पाय चांगलाच आपटला, खिडकीची काच वाजली. दांडी ढिम्म! गाणं आपलं तळ्यातल्या पाण्यासारखं संथ चाललेलं.

मी टाळी वाजवणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "अं हं. नाही जमलं."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी टाळी खिशात घातली.

"खोटारडे!" स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "जमलं होतं की चांगलं!"

"हळू बोला. सुई बसली की गिऱ्हाईक खूश होतं आणि जाऊन बसतं. मला यांना बसू द्यायचं नाहीये."

मग रोज संध्याकाळी तेच. जन्मभर लोकांच्या जोड्या जमवणारी ही बाई आता घरात बसून जोड्या बिघडवायला लागली. कधी दांडीच्या टोकाला शिशाचा तुकडा चिकटव, कधी मऊ कार्ट्रिज पुन्हा लाव, कधी उगाच भार कमी कर. चेहरा असा गंभीर की काय ऑपरेशन चाललंय! "पुन्हा एकदा, अहो. जरा सावकाश. हं, आता परत या." खिडकीतून ऊन आत यायचं, त्यात धुळीचे कण तरंगायचे, रेकॉर्डवरचा उजेड गोल गोल फिरायचा. सुई हेलकावली की एखादा सूर लांबून आल्यासारखा वाकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. दादा त्या उन्हात शिरायचा, पलीकडे निघायचा, पुन्हा शिरायचा. हळूहळू मी त्याचा हात सोडला. हळूहळू काठी कपाटाशी उभी राहायला लागली. वहिनी जमिनीवर गाल टेकवून त्याच्या पावलांकडे बघत असायची. मला कधी कधी वाटायचं, सगळी खोलीच कुठल्यातरी पाण्यावर आहे आणि आम्ही तिघं तिच्यासोबत डुलतोय. शाळेच्या वह्या मांडीवर तशाच पडून राहायच्या.

"अख्ख्या गावाच्या सुया एका बैठकीत बसवतेस," दादा कुरकुरायचा, "आणि घरची बसेना होय?"

"घरचीच अवघड असते," वहिनी म्हणायची.

व्यायामाच्या बाई आल्या तर त्यांनी तोंडात बोट घातलं. म्हणाल्या, असाच सराव चालू ठेवा, काय करता ते करा. काय करतो ते आम्ही त्यांना सांगितलं नाही.

एक दिवस माझी शाळा लवकर सुटली. जिना चढून वर आले तर घर शांत. टर्नटेबलवर कापड झाकलेलं, वहिनी कुणाच्यातरी घरी गेलेली. स्वयंपाकघरात मात्र खुडबूड. जाऊन बघते तर दादा ओट्याशी उभा, एकटा, बिनकाठीचा, चहा करतोय.

"घेणार?" त्याने विचारलं. वर म्हणाला, "साखर तूच घाल, मी घातली की तू नावं ठेवतेस."

मी कशीबशी साखर घातली. दोघं उभ्याउभ्याच चहा प्यायलो. मग तो कपात बघत म्हणाला, "बारके, एक विचारू? पहिल्याच दिवशी जमलं होतं ना?"

गणिताच्या बाईला खोटं बोलता येत नाही.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "इतकी वर्षं संसार केलाय. सुई बसली की तिचे खांदे खाली येतात. त्या दिवशी आले, आणि मग तिने ते मुद्दाम वर धरले."

"मग लबाडा, बोलला का नाहीस? इतके दिवस पाय ओढत फिरलास ते कशाला?"

दादाने कप खाली ठेवला. कान लाल झाले होते त्याचे, या वयात. "अगं, ती जन्मभर त्या दांडीवर वाकलेली. इतका वेळ माझ्याकडे बघत कधी बसली होती का ती?"

मी नुसता त्याचा हात धरला.

"तिला सांगू नकोस हं," तो म्हणाला. "त्या खोक्यात अजून पुष्कळ सुया आहेत."

तेवढ्यात जिन्यावर वहिनीची चाहूल लागली. दादा लगबगीने, अगदी अलगद पावलांनी, बाहेरच्या खोलीत गेला, खुर्चीत बसला आणि पाय दुखत असल्यासारखा चेहरा केला.

वहिनीने चपलाही काढल्या नव्हत्या. "अहो, उठा," ती दारातूनच म्हणाली.