मिस्त्रींचा कान

गाडी खोलून बिघाड सांगणारे मिस्त्री पैशाला पासरी असतात. पण गाव ज्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणायचं, ते गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचं दुखणं ओळखायचे. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की हात वर करून म्हणायचे, "तुम्ही गप्प बसा, तिला बोलू द्या." या तोऱ्यावर त्यांनी उभी हयात काढली, आणि खरं सांगायचं तर तो तोरा त्यांना शोभायचा.

पण अलीकडे त्याच कानानं दगा दिला होता. आधी पाखरं मुकी झाली, मग फोनची घंटा, मग शेजारच्या माणसाचं बोलणं. मिस्त्रींनी घरात-दारात कुणाला पत्ता लागू दिला नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, मान डोलवायची आणि गाडीचा आवाज लागलाच नाही तर ठोकून द्यायचं, "टायर झिजलेत." शब्दाला वजन एवढं, की लोक निमूटपणे टायर बदलायचे!

लेकीनंही बदलले. तिची जुनी एसयूव्ही चालताना घुमते म्हणून ती मागे आली होती, तेव्हा मिस्त्रींनी एक चक्कर मारून तेच उत्तर दिलं होतं. आज ती परत दारात उभी होती.

"बाबा, टायर नवे टाकले. आवाज उलट वाढलाय."

मिस्त्री स्टिअरिंगवर बसले, लेक शेजारी. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग वाढवला. कानात नुसता कापूस.

"आला बघा! ऐकलंत?"

"हं." मिस्त्रींनी तिरक्या नजरेनं तिचे ओठ वाचले होते.

"मग काय झालंय हिला?"

इंजिनाखालचं रबर गेलंय, असं सांगून मोकळं होता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात आरशात मागची सीट दिसली. तिच्यावर नातवाचा एक मोजा पडला होता. रोज डोंगरातल्या उतारावरून लेकीची दोन्ही पोरं याच गाडीतून शाळेत जायची.

"मला ऐकू येत नाहीये," ते म्हणाले.

"वेग वाढवा, मग येईल."

"गाडीचं नाही गं. मलाच ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले." तिनं तोंड उघडायच्या आत ते घाईनं म्हणाले, "आत्ता काही विचारू नकोस. आवाज वाढला की माझ्या हातावर थाप मार. जोरात वाढला तर जोरात."

त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, चाकांचा इंजिनाशी संबंध तोडला. थापा चालूच राहिल्या, म्हणजे इंजिन निर्दोष. रस्ता रिकामा बघून त्यांनी गाडी हलकेच डावीकडे वळवली, तर लेकीचा हात थांबला. उजवीकडे वळवली, आणि तिची थाप अशी बसली की मनगट झिणझिणलं. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या चाकांवर येतो.

"पुढून येतोय की मागून?"

तिनं आपल्याच पायांखाली बोट दाखवलं.

मिस्त्रींनी तिथंच गाडी कडेला घेतली. जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. दुधाचा दात हलावा तसं ते अख्खं चाक हातात डुगडुगलं. आतल्या बेअरिंगचा भुगा झाला होता. एखाद्या उतारावर चाकच निखळून गेलं असतं.

पाठीमागून लेकीच्या बोलण्याची नुसती पुसट गुणगुण आली. नुसती मान डोलवायची सवय होती, पण आज ती डोलेना.

"काय म्हणालीस? परत सांग."

ती पुढे येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली, ओठ दिसतील अशी.

"रोज पोरांना यात बसवत होते मी. तुमच्या शब्दावर."

यातला एकही शब्द मिस्त्रींच्या कानातून सुटला नाही.