शून्यावर सही

आत्या चांगली शिकलेली डॉक्टर. पण नातेवाइकांत ती ‘चिंगूस आत्या’ म्हणूनच प्रसिद्ध. गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं छोटंसं प्रसूतिगृह आहे. तिथे बाळाखेरीज नवं काही येत नाही, असं हिशेब बघणारा भाचा म्हणतो. हे साफ खोटं. सुई नवी, हातमोजे नवे, टाक्यांचा दोरा नवा. बाकी सगळं धुऊन, वाफवून पुन्हा कामाला. अंघोळीचं पाणी गच्चीवर उन्हात तापतं. खिडक्या अशा समोरासमोर, की आत आलेल्या वाऱ्याला मुक्काम करायची सोयच नाही. एसी फक्त ऑपरेशनच्या खोलीत.

अशा बाईच्या मुळावर विमा कंपनी उठली, तीही हवा वाचवण्यासाठी.

कंपनीने ठरवलं की दवाखान्यांच्या विजेने आणि धुरानेही जग तापतं. तेव्हा जो दवाखाना वर्षभरात हा धूर पाचव्या हिश्शाने कमी करेल, त्याला बिलाचा वाढीव दर. जो करणार नाही तो खालच्या यादीत, म्हणजे बिलाचा काही भाग पेशंटने भरायचा. “उशिरा का होईना, अक्कल आली,” आत्या खुशीत म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, कमी करायला आधी जास्त असावं लागतं! पलीकडच्या काचेच्या हॉस्पिटलाची पाळी आधी लागली होती. तिथे भर उन्हाळ्यात भेटायला येणारे शाल पांघरून येत. त्यांनी गारवा जरा उतरवला, दिवसाढवळ्या जळणारे दिवे विझवले आणि पहिलं बक्षीस पटकावलं. आत्याने काय विझवावं? चूल? आणि खालच्या यादीत गेली, की गल्लीतल्या बायका त्या काचेकडे वळणार, इथे कुलूप.

भाच्याकडे तोडगा तयार होता.

“आत्या, या महिन्यात आपली पहिली मोजणी. पुढे किती कमी झालं, ते हिच्यावरूनच धरणार. तेवढा महिना उधळायचं. खिडक्या बंद, हीटर चालू, पाणी विजेवर. नंतर नेहमीसारखं वागलीस की धूर धाडकन खाली!”

“म्हणजे आधी घाण करायची आणि मग झाडल्याबद्दल शाबासकी घ्यायची?”

“सगळे तेच करतात गं.”

“सगळे उठसूट पोटं फाडतात. मी फाडते?”

भाचा गप्प बसला. पण भाच्यांचं गप्प बसणं खरं मानू नये. मोजणीच्या पहिल्या दिवशी आत्या बाळंतपणात गुंतलेली बघून त्याने खिडक्या लावल्या, दिवे पेटवले आणि उसने आणलेले दोन हीटर लाल केले. खाटेवरची ओली बाळंतीण ओरडली, “अहो, मला बरं करताय की भाजताय?”

आत्या हात पुसत बाहेर आली. त्याच वेळी दारात विमा कंपनीचे तपासनीस उभे. तिने त्यांच्यादेखत हीटरची पिन खेचली, खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाली, “हा माझा भाचा. हुशार आहे, तुमच्याकडे शोभेल. हे तुमच्या बक्षिसासाठी पेटवलं होतं. आता खरं मोजा.”

तपासनीस सगळीकडे हिंडले. गच्चीवरून उतरताना कपाळ पुसत म्हणाले, “मॅडम, छान आहे हो सगळं. पण किती कमी कराल ते या फॉर्मवर लिहावं लागेल.”

“तुम्हीच बोट दाखवा. काय कमी करू?”

बोट काही उठेना.

आत्याने पेन घेतलं, शून्य लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

“अहो, खालच्या यादीत जाल!”

“जाते ना. पण खोटा धूर काढून वर येणार नाही. जे आधीच कमी जाळतात त्यांना बक्षीस का नाही, हे साहेबांना विचारा. नाहीतर मीच येते विचारायला.”

तपासनीस गेल्यावर भाच्याने डोकं धरलं. “संपलं सगळं. एकटीचं कोण ऐकणार तुझं?”

“एकटी कशाने? मागच्या गल्लीतला दातवाला, पुलाखालची डोळ्यांची डॉक्टरीण, तो हाडवैद्य... सगळ्यांकडे शून्यच निघणार. त्यांना घेऊन जाते कंपनीत.”

“शून्यात शून्यं मिळवून काय होतं, आत्या?”

“त्यांच्यापुढे एक उभा राहिला की बघ काय होतं! उठ, दातवाल्यापासून सुरुवात करू.”

“स्कूटर काढू?”

“दोन गल्ल्यांसाठी?” आत्या चपला पायात सरकवत म्हणाली. “चालायला लाग.”